मदत हवी आहे: आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडते, डीबीत (घरातल्या स्विचांच्या मुख्य डब्यात) हात घालण्याआधी विचारतोय

नमस्कार मंडळी. नागपुरातलं घर, सिंगल फेज. डीबीत 63 अँपिअरचा मेन आयसोलेटर (हाताने पाडायचा मुख्य स्विच), मग 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. लोखंडी कूलरचा पंप लावला की ती पडते. नुसत्या पंख्यावर दिवसभर टिकते. म्हणजे पंपाच्या वाइंडिंगमध्ये किंवा केबलच्या जोडात पाणी. पंप बदलेनच, आरसीसीबी बायपास मुळीच करणार नाही.

खरा पेच दुसराच. पंप काढला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर अर्ध्या वॅटचा झिरो दिवा चालतो, 9 वॅटचा बल्ब लावताच पडते. फेज आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घेतलाय आणि न्यूट्रल तिच्या नंतरच्या पट्टीवर आलाय, म्हणून बल्बचा करंटच तिला गळती वाटतो, असा संशय आहे. तिथे वायरी इतक्या कोंबल्यात, की एकेका स्क्रूखाली तीन-तीन न्यूट्रल आहेत.

झाकण काढण्याआधी इन्व्हर्टर बंद करून त्याची पिन काढणार. आयसोलेटर पाडला तरी मीटरकडून येणारे टर्मिनल जिवंतच राहतात, म्हणून मीटरजवळचा मेन स्विचही बंद. टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग डीबीत, मग पुन्हा चालू जागी तपासणार. यात काही सुटतंय का?

आणि इन्व्हर्टरला स्वतंत्र आरसीसीबी व स्वतंत्र न्यूट्रल पट्टी द्यावी, की फेजच आहे त्या आरसीसीबीच्या नंतर घ्यावा? आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडलाय. अर्थ रेझिस्टन्स आत्ताच मोजून घ्यावा का? लायसनधारक वायरमनने उत्तर दिलं तर फार बरं होईल.