हायवेवर हायब्रीडचं ॲव्हरेज: गाडी देते की आपला पाय?

टिळकवाडीकर
आधी माझं म्हणणं ऐका, मग शिव्या घाला. लांबच्या प्रवासात हायब्रीडकडून, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीकडून, ॲव्हरेज काढायचं असेल तर वेगाचा काटा 85 च्या वर न्यायचा नाही. बाकीचे उपाय म्हणजे चिल्लर.

गेल्या वर्षी गणपतीनंतर बेळगाव-पुणे-बेळगाव झालं. दीड लिटरची स्ट्राँग हायब्रीड, माणसं चार, सामान तेवढंच. जाताना भाच्यानं चालवली, 105 च्या खाली यायला तयार नाही. टाकी ते टाकी (भरून निघायचं, पोचल्यावर परत भरायची) हिशेब केला, लिटरला 19. येताना मी बसलो. 80-85, कोल्हापूरच्या पुढं तर उजव्या लेनला गेलोच नाही. 24 आलं. आता गंमत बघा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, बेळगाव 750 च्या आसपास. म्हणजे येताना गाडी एकूण चढतच होती, त्यात खंबाटकी आणि तवंदीचा घाट. तरी लिटरमागं पाच किलोमीटर जास्त!

भाच्याला हे दाखवलं तर म्हणतो, "मामा, येताना तीन ठिकाणी चहा घेतलासा, त्याचे पैसे धरलासा काय?"

निपाणीचा डिझेलवाला
85 नंच जायचं तर लालपरी काय वाईट होती ओ?

हिशेब मलाबी येतो. बेळगाव-पुणे 340 धर. 85 नं चार तास, 105 नं सव्वातीन. तुझं वाचलेलं पेट्रोल पावणेचार लिटर, म्हणजे 380 रुपये. पाऊण तास घालवून 380 मिळवलास. चार माणसं गाडीत, माणशी 95 रुपये. एवढ्यासाठी मागनं ट्रकवाल्यांचे हॉर्न खायचे?

आणि माझी डिझेल 100 च्या वेगाला लिटरमागं 20 देत्या. डिझेल 91 धरलं तर किलोमीटरला साडेचार रुपये. तुझ्या भाच्यानं चालवली तर हायब्रीडला पाच रुपये चाळीस पैसे पडले. वर घेताना दोनेक लाख जास्त मोजलेलं वेगळंच. शहरात फिरायला हायब्रीड बेस, मी नाही म्हणत नाही. खरं हायवेचा राजा डिझेलच.

टिळकवाडीकर
भाच्याचे पाच चाळीस सांगितलेत, माझे चार तीस का गाळलेत अण्णा?

खानापूरवाली
दोघंही निम्मं बरोबर बोलताय.

वेगाचं आधी. 85 वरून 105 ला गेलात की वेग जेमतेम सव्वापट होतो, खरं हवेचा विरोध दीडपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. हे डिझेललाही लागू आहे, अण्णा. तुमची 85 ला चालवून बघा, तीही 23-24 दाखवेल. तुलना करायची तर दोघांचा काटा एकाच आकड्यावर ठेवून करा. आणि तो पाऊण तास कागदावरचा. हत्तरगी आणि कोगनोळीचा टोल, सहापदरीकरणाची वळणं, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. 105 चा सरासरी वेग मिळतो कुणाला? पंचवीस मिनिटं वाचली तर खूप.

हायवेवर हायब्रीडचा फायदा कमी होतो, हे मात्र खरं. तिची मुख्य कमाई ब्रेकमध्ये असते. पाय ब्रेकवर गेला की मोटर जनरेटर होते आणि एरवी ब्रेक तापवण्यात जाणारी शक्ती बॅटरीत येते. खडेबाजारात, सिग्नलला, गावातल्या हम्पवर ही कमाई सारखी चालू असते. हायवेवर तासभर ब्रेकच लागला नाही तर परत काय येणार? तिथं उरतं ते ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन. ओढ जरा कमी, पण पेट्रोल जपून पिणारं, आणि चढाला मोटर हात देते म्हणून ती कमी ओढ आपल्याला जाणवत नाही. जाहिरातीतल्या 27-28 वर जाऊ नका. ती चाचणी रोलरवर होते, एसी बंद असतो आणि वेग 90 च्या वर जातच नाही.

खरं "बाकीचं चिल्लर" म्हणालात तिथं मी अडवणार. महिन्यातून दोनदा मी चोर्ला घाटानं गोव्याला जाते. तो रस्ता वेगाचा नाहीच, 40-50 च्या वर जाताच येत नाही. तिथं तुमचा 85 चा मंत्र काय कामाचा?

टिळकवाडीकर
घाटात तर फुकटची चार्जिंग. त्यात करायचं काय?

खानापूरवाली
तिथंच सगळे फसतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही फसले. कणकुंबी सोडली, उतार लागला, बॅटरीच्या पट्ट्या एकेक भरायला लागल्या. मला कोण आनंद! तीन-चार वळणांत सगळ्या भरल्या आणि पुढच्या वळणावर इंजिन एकदम ओरडायला लागलं. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी आवाज चढाला लागतो तसा. सासूबाई मागनं म्हणाल्या, "थांबव गं, काहीतरी तुटलंय." बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसलो. काही तुटलं नव्हतं. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी इंजिन नुसतं फिरवून, पेट्रोल न टाकता, वेग अडवते.

घरी येऊन गणित केलं. माणसांसकट गाडी 1600 किलो, उतार 600 मीटर धरा. साधारण अडीच युनिट वीज होईल एवढी शक्ती खाली येताना सुटते. टायर आणि हवा त्यातली थोडी खातात. आणि बॅटरी केवढी? आपल्यासारख्या दीड लिटरच्या गाड्यांत पाऊण युनिटाची, त्यातलीही सगळी वापरू देत नाहीत. म्हणजे फुकटची चार्जिंग पहिल्या काही वळणांतच संपते.

म्हणून घाटाच्या माथ्यावर बॅटरी रिकामी घेऊन पोचायचं. जांबोटी ते कणकुंबी रानातला रस्ता, वेग कमी, तिथं ईव्ही, म्हणजे फक्त बॅटरीवर चालायचं, बटण दाबून असलेली वीज वापरून टाकायची आणि उतारावर भरून घ्यायची. खाली केरीपासून साखळीपर्यंत तीच वीज कामाला येते.

उद्यमबाग गॅरेज
ताई, गणित झकास. पण रुपयांत सांगा की. अर्धं युनिट जास्त साठवलं, तेवढी वीज इंजिननं करायला पाव लिटरही पेट्रोल लागत नाही. पंधरा-वीस रुपये. त्यासाठी रानात बटणं दाबत बसायचं? आणि माथ्यावर रिकामी बॅटरी घेऊन चढ लागला तर मोटर मदतीला नाही, इंजिन एकटं ओढणार. तिथं वाचवलेलं तिथंच गेलं.

दुसरं. उतार लागला की गिअर बी वर टाका, म्हणजे इंजिनच वेग अडवतं, माथ्यापासूनच. लोक नेहमीच्या डी मध्ये ब्रेकवर पाय ठेवून येतात आणि खाली येऊन म्हणतात जळका वास येतोय.

खानापूरवाली
बी माथ्यापासून टाकलात तर बॅटरीत जाणारी काही शक्ती इंजिन फिरवण्यात जाते. जागा आहे तोवर डी आणि हलका ब्रेक, पट्ट्या भरत आल्या की बी. कंपनीच्या पुस्तकात लांब उतारासाठी बी सांगितलंय, ते मलाही मान्य आहे. भांडण फक्त कुठल्या वळणापासून एवढंच.

उद्यमबाग गॅरेज
तुम्ही पट्ट्या बघत गाडी चालवणार, आणि समोरून डंपर येणार. मी माझ्या गिऱ्हाइकाला माथ्यापासूनच सांगणार. पंधरा रुपये गेले तर जाऊ देत.

आता गॅरेजवाल्याचं ऐका. ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या गाड्यांत हवा कमी असते. दहा किलोमीटर चालवून टायर गरम करून पंपावर जातात, काटा जास्त दाखवतो, हे खूश. हवा सकाळी थंड टायरात बघायची. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. प्रवासाला तो. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा.

आणि एक गोष्ट कुणीच बघत नाही. बऱ्याच हायब्रीडमध्ये मागच्या सीटला बॅटरीसाठी हवा ओढणारी जाळी असते. परवा एक गाडी आली, "मोटर साथ देत नाही" म्हणून. जाळीवर चादर आणि पिशव्या रचलेल्या. सामान काढलं, फिल्टर काढला, तर आत मूठभर चिरमुरे आणि कुत्र्याचे केस. हवा मिळाली नाही की बॅटरी तापते. तापली की गाडी स्वतःच चार्जिंग कमी करते. मग 80 नं जावा नाहीतर 60 नं.

निवृत्त पण चालू
माझी एक चूक सांगतो. गाडी नवी असताना हिरवा ईव्ही दिवा लागलेला दिसला की मला बरं वाटायचं. धारवाड रस्त्यावर तो विझू नये म्हणून इतका हळू ॲक्सिलरेटर दाबायचो, की हिरेबागेवाडीच्या टोलच्या आतच सौ.नी विचारलं, "तुम्हाला बरं नाही काय?" ॲव्हरेज वाढलं नाहीच, थोडं कमीच आलं. बॅटरीतली वीजही शेवटी पेट्रोलचीच. इंजिननं जनरेटर फिरवायचा, वीज साठवायची, पुन्हा मोटरला द्यायची, दर टप्प्याला गळती. आता उठावाला नीट पाय देतो, वेग आला की सैल सोडतो. इंजिन कधी चालू-बंद करायचं ते गाडीला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चंदगडकर
सगळे पायाला आणि बटणाला धरून बसलाय. पेट्रोलचं कोण बोलणार? आता 20 टक्के इथेनॉल असतंय. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी, म्हणजे सहा-सात टक्के ॲव्हरेज तिथंच गेलं. 24 मिळायचं तिथं साडेबावीस. ऊस आपलाच, कारखाना आपलाच, आणि टाकीत आल्यावर बोंबही आपलीच. तरी शिनोळीची हद्द ओलांडून तुमच्याकडं कर्नाटकातच भरतो, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं म्हणून. सीमाप्रश्न कुणी काढू नका, मी फक्त पेट्रोलचं बोलतोय.

निपाणीचा डिझेलवाला
चिरमुऱ्याची गोष्ट आवडली. ताई म्हणाल्या म्हणून परवा संकेश्वरपर्यंत 85 नं गेलो. गाडी 23 दाखवायली होती, मानलं. खरं स्क्रीनवरचा आकडा हाय तो, टाकीचा न्हवं. आणि झोप आली ते वेगळं.

टिळकवाडीकर
मग डिझेलही माझ्याच बाजूची निघाली. रविवारी चोर्ल्यानं पणजीला चाललोय. ताईंची रिकामी बॅटरी जाताना आणि गॅरेजवाल्यांचा माथ्यापासून बी पुढच्या खेपेला. दोन्ही आकडे इथं टाकतो.

निपाणीचा डिझेलवाला
गोव्याला चाललास तर टाकी रिकामी घेऊन जा. तिथं पेट्रोल आपल्याहून स्वस्त. ईव्ही बटणापेक्षा जास्त पैसे त्या एका टाकीत वाचतील.

टिळकवाडीकर
टाकी इथंच ऑटो-कटपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईतो) भरून निघालो तरच मोजमाप लागतं, अण्णा. रिकामी नेली तर ॲव्हरेज कशावरून काढू? निम्मी नेऊ का?

खानापूरवाली
निम्मी म्हणजे किती लिटर, ते कसं मोजणार?