‘भाषाविकार’ की ‘भाषादोष’?

मुक्ता: पुढच्या महिन्यात पुण्यात मुलांच्या भाषाविकारांवर परिषद आहे. पालकांच्या सत्रासाठी मराठी पत्रक माझ्याकडे आलंय. ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ला मी ‘विकासात्मक भाषाविकार’ लिहिलं. सहकारी म्हणाली, ‘विकार’ वाचून आई पत्रक मिटून ठेवेल. ‘भाषादोष’ चालेल? की सरळ ‘बोलण्यातली अडचण’?

अविनाश: ‘बोलण्यातली अडचण’ चुकीचं होईल. यातली काही मुलं उच्चार अगदी स्वच्छ करतात, पण वाक्य जुळत नाही, सांगितलेलं नीट उमगत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप आणि इतर तज्ज्ञांनी २०१७ साली ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ हे नाव ठरवलं. त्याआधी ‘स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट’ चालायचं. ‘डिसऑर्डर’ विचारपूर्वक ठेवलंय. शब्द मवाळ केला की मदतही लांबते. हृदयविकार म्हणताना आपण कुठे कचरतो? ‘विकार’च ठेवा.

सुलभा: ‘दोष’ तर नकोच! माझा भाचा पाच वर्षांचा होईतो ‘आई आला, बाबा गाडी गेला’ असंच बोलायचा. घरात सगळ्यांनी वहिनीला धरलं: तू बोलत नाहीस त्याच्याशी. दोष म्हटलं की बोट आईकडे जातं. वर एका डॉक्टरांनी सांगितलं, घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. वर्षभर त्या घरात आजी नातवाशी गप्प बसून होती. दोन भाषांमुळे हे होत नाही, हे पत्रकात ठळक लिहा. आम्ही त्याला नुसता ‘बोबडा’ समजत राहिलो.

केदार: बोबडा कसा? आमच्याकडे अशा मुलाला तोतरा म्हणतात.

अविनाश: तोतरा म्हणजे अडखळणारा, ‘प-प-पाणी’ म्हणणारा. ‘र’चा ‘ल’ करणारा तो बोबडा. हिंदीत ‘तोतला’ म्हणजे आपला बोबडा, तिथून हा घोळ शिरलाय. भाचा यांपैकी कुणीच नव्हता.

केदार: माझी आजी नाशिकची, हिंदीचा गंध नव्हता तिला. ती दोघांनाही तोतराच म्हणायची. कोशात नाही म्हणून आजी चुकली का?

सुलभा: ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात लेकराची ‘बोबडी वाचा’ आहे, आणि तिथे मायबापांना तिचा संतोष वाटतो. भीतीने ‘बोबडी वळते’ तीही हीच. मला वाटतं हा शब्द मुळात नादावरूनच आला असणार, बो-बो.

रेखा: मी वाचाउपचारतज्ज्ञ. हा शब्द फक्त आमच्या पाटीवर असतो, पालक ‘स्पीचवाल्या मॅडम’ म्हणतात आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. ‘भाषाविकार’ मी तोंडाने उच्चारते, पण लगेच पुढे ‘म्हणजे त्याला भाषा शिकायला जड जातंय’ हे जोडते. सुलभाताईंच्या ‘आई आला’वरून एक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोल्हापूरची एक मुलगी आली. ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणाली. मी पुण्यात वाढलेली, लिंगाची चूक म्हणून दोनदा लाल खूण केली. मग तिची आई आत डोकावून म्हणाली, ‘मॅडम, मी बाहेर बसतो.’

केदार: आमच्या विदर्भातही बायका ‘मी येतो’ म्हणतात! याचा वेगळा धागा काढा ना.

मुक्ता: काढा, पण पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. ‘विकार’ ठेवू का?

सुलभा: ‘दोष’ सोडून काहीही.

केदार: रेखाताई, मग त्या लाल खुणांचं काय केलंत?