तांबड्या पेशींच्या पटलातील बँड ३ या प्रथिनाचे तुकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या तपासणीत) का दिसत नाहीत?

प्रश्न:
नमस्कार. तांबड्या रक्तपेशी फोडून, हिमोग्लोबिन धुऊन उरलेल्या पटलांवर मी ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराची क्रिया करतो आणि मिळालेले पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) एलसी-एमएसवर, म्हणजे स्तंभातून वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, तपासतो. पटलाला आतून आधार देणाऱ्या स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे पेप्टाइड भरपूर मिळतात. बँड ३ मात्र पेशीद्रवाकडील भागापुरतेच दिसते आणि ग्लायकोफोरिन ए हे पटलातील दुसरे प्रथिन जवळजवळ दिसतच नाही. एसडीएस या डिटर्जंटमध्ये प्रथिने छान विरघळतात, पण मग यंत्रातील संकेत दबतो. काय करावे?

उत्तर १:
ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीननंतर साखळी कापते. बँड ३ पटलातून अनेकदा आरपार जाते, आणि मेदात बुडालेल्या तिच्या सुमारे २० अमिनो आम्लांच्या प्रत्येक पट्ट्यात ही दोन आम्ले क्वचितच असतात; त्यामुळे तिथे लांबलचक, जलविरोधी तुकडे उरतात, जे नळीच्या भिंतीला किंवा पेप्टाइड वेगळे करणाऱ्या सी-१८ स्तंभाला चिकटतात. ट्रिप्सिननंतर कायमोट्रिप्सिन हे दुसरे विकर वापरून पाहा, कारण ते फिनाइलअॅलनीन, ल्यूसीन अशा पटलात विपुल असणाऱ्या आम्लांपाशी कापते. एसडीएसऐवजी १ टक्का सोडियम डीऑक्सिकोलेट हे डिटर्जंट घ्यावे. त्यात ट्रिप्सिन काम करते आणि शेवटी आम्ल घातले की ते साक्याच्या रूपात बाहेर पडते. मात्र त्याच साक्यासोबत आपल्याला हवे असलेले जलविरोधी तुकडेही जाऊ शकतात, म्हणून आम्ल घालताना इथिल अॅसिटेट हे द्रावक मिसळून डिटर्जंट त्यात ओढून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. स्पेक्ट्रिन पटलात रुतलेले नसून केवळ त्याच्या आतील पृष्ठभागाला जोडलेले असल्याने, पीएच ११ च्या आसपासच्या थंड सोडियम कार्बोनेटने आधी धुतल्यास ते बरेचसे निघून जाते.

उत्तर २:
ग्लायकोफोरिनची अडचण निराळी आहे. त्याच्या पेशीबाहेरील भागावर शर्करांच्या इतक्या साखळ्या असतात की पेप्टाइडचे वस्तुमान बदलते आणि नुसती अमिनो आम्ले गृहीत धरणाऱ्या संगणकीय शोधात ते सापडत नाही. पीएनजीएज-एफ या शर्करा काढणाऱ्या विकराने फक्त नायट्रोजनशी जोडलेली शर्करा सुटते. इथे बहुतेक साखळ्या ऑक्सिजनशी जोडलेल्या आहेत. म्हणून पेशीच्या आतील शेपटाकडचा, शर्करा नसलेला तुकडा शोधा. त्यातील एका लायसीननंतर लगेच प्रोलीन येत असल्यामुळे ट्रिप्सिन तिथे सहसा कापत नाही आणि सुमारे ३० आम्लांचा एकच तुकडा मिळतो.

उत्तर ३:
बँड ३ च्या जोड्या आणि चौकड्या अखंड तोलायच्या असतील, तर नेटिव्ह मास स्पेक्ट्रोमेट्री (प्रथिनांची मूळ जुळणी न मोडता वस्तुमान मोजणे) हा वेगळा मार्ग आहे. रसायनशास्त्रज्ञ कॅरोल रॉबिन्सन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की पटल-प्रथिनांचा संकुल डिटर्जंटच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या गोळ्यात) ठेवून यंत्रात नेता येतो आणि तेथील धडकांनी मायसेल गळून पडते. आपला प्रश्न मात्र तुकड्यांचा आहे. त्यासाठी कार्बोनेटची धुलाई आणि दुसरे विकर आधी करून पाहावे.