पुणे ते गुलमर्ग गाडीने, स्कीइंगसाठी: सोबत काय घ्यावं?

भटकभवानी:
जानेवारीअखेर निघतोय. दोघं मोठे, दोन मुलं (९ आणि १३), डिझेल एसयूव्ही, टू व्हील ड्राइव्ह. स्की विकत घेऊन टपावर बांधून न्यायच्या का? कपड्यांची यादी तयार आहे, गाडीसाठी काय घ्यायचं ते कळत नाहीये.

बर्फाळ_पुणेकर:
स्की, बूट, पोल सगळं गुलमर्गला भाड्याने मिळतं. शिकाऊ माणसाने विकत घेऊ नये, मुलांसाठी तर नाहीच. वर्षभरात माप बदलतं. अंगाला चिकटून बसणाऱ्या वस्तू मात्र घरून न्या: स्कीइंगचा गॉगल (साधा चष्मा धुकं धरतो), वॉटरप्रूफ हातमोजे माणशी दोन जोड, गळ्याला बफ (नळीसारखं ताणणारं कापड), लिप बाम, एसपीएफ ५० सनस्क्रीन. मुलांच्या मापाचं हेल्मेट मिळेलच असं नाही, ते न्यावं.

आतला थर लोकर किंवा पॉलिएस्टरचा, त्यावर फ्लीस, वर वॉटरप्रूफ जॅकेट-पँट. जीन्स आणि सुती बनियन नकोच, घामाने ओले झाले की वाळत नाहीत.

गिअरबॉक्स७७:
कपडे श्रीनगरातही मिळतील. गाडीची तयारी मात्र पुण्यातच करा.

कूलंट आधी बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात गॅरेजवाले सर्रास नळाचं पाणी टॉप-अप करतात, मिश्रण पातळ होतं आणि उणे तापमानात गोठून इंजिनचा ब्लॉक फुटू शकतो. पूर्ण काढून कूलंट आणि पाणी ५०:५० भरा. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही काढा, गोठलं की पंप जातो.

बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर लोड टेस्ट करा. डिझेल थंडीत मेण धरतं, फिल्टर चोंदतो, गाडी सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडते. अँटी-जेल अ‍ॅडिटिव्ह (डिझेल साकळू न देणारं द्रव्य) उधमपूरला टाकी भरतानाच ओता. एकदा साकळल्यावर त्याचा उपयोग नाही. निघण्याआधी फिल्टरमधलं पाणीही काढून घ्या.

टायरमध्ये पुण्यात ३३ पीएसआय भरलंत तर श्रीनगरात पहाटे २९ च्या आसपास दिसेल. पंक्चर समजू नका, थंड टायरवर पुन्हा भरा.

भटकभवानी:
बर्फात टायरवर लावायच्या चेन कोणत्या? आणि बुटात दोन मोजे घालायचे ना?

बर्फाळ_पुणेकर:
एकच! पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा. दोन घातले की बूट आवळतो, रक्त कमी पोहोचतं आणि बोटं जास्त गार पडतात.

गिअरबॉक्स७७:
टायरच्या कडेवर लिहिलेल्या मापाची, आणि ज्या चाकांना ड्राइव्ह आहे त्यांनाच. घरच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. बर्फात, अंधारात, हातमोजे घालून पहिल्यांदा जमत नाही. शंभरेक मीटर चालवून पुन्हा आवळा, ताशी ३० च्या वर जाऊ नका, डांबर दिसलं की काढा. सोबत घडीचं फावडं, टो दोरी, जम्पर केबल, हेडटॉर्च, जुनी चादर (खाली झोपून चेन लावायला).

दऱ्याखोरे:
चेन लावूनही नवख्याने तंगमर्ग (गुलमर्गच्या पायथ्याचं गाव) ते गुलमर्ग हे १३ किमी स्वतः चालवू नयेत. ताजा बर्फ पडला की बिनचेनच्या गाड्या तंगमर्गलाच अडवतात. गाडी तिथे ठेवा, स्थानिक फोर बाय फोर करा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा, वायपर उभे करा.

मुख्य अडचण जम्मू-श्रीनगर रस्त्यावरचा रामबन-बनिहाल टप्पा. दरड किंवा बर्फाने रस्ता कितीही तास बंद राहतो, म्हणून तिथे टाकी अर्ध्याच्या खाली नको. चार लिटर पाणी, चिवडा-लाडू, ब्लँकेटं मागच्या सीटवर ठेवा, डिकीच्या तळाशी नाही. हीटरसाठी इंजिन चालू ठेवाल तेव्हा सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी उकरा आणि काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो.

हो, आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. किमान एक पोस्टपेड घ्या.