जपानच्या ‘कुसा नो ने’ अनुदानातून नेत्रतपासणीची गाडी आणि उपकरणं : अर्ज कुठे, कसा? सल्ला हवा

सातपुडा_पायथा
नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातला छोटा सार्वजनिक न्यास, नोंदणी २०१७ ची. तळोद्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात, पण रुग्ण वर धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर असतात. हवं ते असं : तपासणीला वर जाणारी आणि रुग्णांना खाली आणणारी एक गाडी (अंदाजे १५ लाख), ऑपरेटिंग मायक्रोस्कोप, ए-स्कॅन (डोळ्याची लांबी मोजणारं यंत्र) आणि ऑटोरिफ्रॅक्टोमीटर (चष्म्याचा नंबर काढणारं यंत्र) (तिन्ही मिळून १८ लाख). न्यासाचे ३ लाख घालता येतील. वर्षाचा एकूण खर्च ९ लाखांच्या आसपास. एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठी लागते ती) नाही.
प्रश्न : जपान सरकारचं अनुदान जायकाकडे (जपानची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था) मागायचं की मुंबईच्या दूतावासाकडे? गाडी मिळते का? ३३ लाखांच्या वरचं काही सुचवू नये ही विनंती.

कट्टा_दादर
सरळ जायका. पुण्यात मुळा-मुठा नदीशुद्धीकरणाचं काम जायकाचंच आहे, बुलेट ट्रेनलाही त्यांचेच पैसे. त्या कर्जाला व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. एवढं स्वस्त कर्ज कुठे मिळणार? आणि मागायचंच तर चांगली मोठी बस मागा, आत शस्त्रक्रियाघरासकट. कोटभरात होते.

हिशेबनीस
सातपुडाताईंनी ३३ लाख लिहिलेत, एक कोटी नाही.
आणि ते कर्ज न्यासाला मिळत नाही. येन कर्ज दोन सरकारांमधलं असतं. राज्याचा किंवा मंत्रालयाचा प्रस्ताव दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो, तिथून जपान सरकारला अधिकृत विनंती होते, मग जायकाची मूल्यमापन तुकडी येते. मुळा-मुठेचा करार जानेवारी २०१६ चा, प्रकल्प ९९०.२६ कोटींचा, अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रांचा. त्यातही कर्जदार भारत सरकार, महापालिका नव्हे.
ताई, तुम्हाला हवी ती योजना वेगळी. जपानी नाव ‘कुसा नो ने’, म्हणजे गवताची मुळं. ती जायकाची नाहीच, जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाची आहे. महाराष्ट्रातल्या संस्थेने अर्ज मुंबईतल्या महावाणिज्य दूतावासाकडे करायचा. १९८९ पासून चालू आहे, २००३ पासून नावात ‘मानवी सुरक्षा’ आलं. २००८ साली कर्ज, तंत्रसहकार्य आणि बरंचसं अनुदान जायकाच्या छताखाली गेलं, पण ही छोटी योजना दूतावासांकडेच राहिली. त्यामुळे दिल्लीच्या जायका कार्यालयात अर्ज टाकून उत्तराची वाट बघणं म्हणजे टपालखर्च वाया.

नर्मदातीर
+१ हिशेबनीस. जायका नव्हे, दूतावास.

एक_फाईल_एक_चहा
कुसा नो ने अनुदानाची मूळ मर्यादा एक कोटी येन, खास प्रकरणी दहा कोटींपर्यंत तरतूद. अर्ज लिहिताना चालू मर्यादा दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. जपानी आकडे वाचताना घोळ होतो : ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी. ‘सेन-मान’ वाचलंत की आपले एक कोटी. तुमचे ३३ लाख रुपये साधारण ५५ ते ६० लाख येन होतील, म्हणजे आरामात आत. पण मर्यादा येनमध्ये आणि कोटेशन रुपयांत, तेव्हा अगदी काठावरची रक्कम मागू नये.
खरा अडथळा एफसीआरए. परदेशी सरकार हाही ‘परदेशी स्रोत’च, त्यामुळे नोंदणीशिवाय पैसा घेता येत नाही. अटी : संस्था तीन वर्षं चालू असावी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च झालेले असावेत, प्रशासकीय खर्च वगळून. तुमचे तीन वर्षांचे २७ लाख होतात, पण त्यातला पगार-भाडं कोणत्या शीर्षकाखाली दाखवलंय ते सीएकडून आत्ताच तपासून घ्या. नेत्रतंत्रज्ञाचा पगार ‘आस्थापना’ खात्यात पडला असेल तर हिशेबाला तो प्रशासकीय दिसतो आणि आकडा घसरतो.
नोंदणीचा अर्ज एफसी-३ए. दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा) क्रमांक लागतो, सगळ्या विश्वस्तांचा आधार लागतो. परदेशी पैशाचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच, ११ संसद मार्ग. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. खर्चासाठी वेगळं खातं तुमच्या गावातल्या बँकेत चालतं, पण पैसा आधी दिल्लीतच उतरायला हवा. आणि त्या खात्यात स्थानिक देणगीचा एक रुपयासुद्धा टाकायचा नाही.

कोकणी_काटा
एफसी-३ए कशाला, एफसी-३बी करा. पूर्वपरवानगी. एका देणगीदाराकडून एका कामासाठी. तीन वर्षांची अटच नाही.

एक_फाईल_एक_चहा
कागदावर बरोबर. पण पूर्वपरवानगीला देणगीदाराचं रक्कम आणि काम लिहिलेलं वचनपत्र जोडावं लागतं. दूतावास नोंदणीचं प्रमाणपत्र अर्जासोबत मागणार आणि परवानगी देणारं गृह मंत्रालय दूतावासाचं पत्र मागणार. आधी कोंबडी की आधी अंडं करत वर्ष जातं. ज्यांच्या हातात तीन वर्षांचे ताळेबंद आहेत त्यांनी नोंदणीच करावी.

कोकणी_काटा
नियमात तरतूद आहे म्हणजे ती वापरायचीच नाही का?

हिशेबनीस
वापरा हो. ताईंना नका लावू वापरायला.

पाटबंधारे_निवृत्त
जपानी मदतीचं मूळ धोरण ‘विनंतीवर मदत’. ६ ऑक्टोबर १९५४ ला जपान कोलंबो योजनेत (आशियाई देशांच्या विकासाची सहकार्य योजना) सामील झाला, आणि पहिलं येन कर्ज १९५८ साली भारतालाच दिलं. आपण मागितल्याशिवाय ते देत नाहीत, ही रीत तेव्हापासूनची. जपानच्या विकास-सहकार्याच्या २०२३ च्या नव्या सनदेत मात्र ‘आम्हीच प्रस्ताव मांडू’ असाही प्रकार आला. तेव्हा अर्जात ‘आम्हाला मदत करा’ असं मोघम लिहू नये. कोण, किती, कशासाठी, कुठल्या पाड्यांवर, हे विनंतीतच हवं.

कट्टा_दादर
पण पैसे फिरून त्यांच्याच कंपन्यांना जातात. मायक्रोस्कोप जपानी घ्यावा लागेल बघा.

पाटबंधारे_निवृत्त
दोन गोष्टी मिसळताय. ‘स्टेप’ नावाच्या कर्जात जपानी मालाचं आणि कंत्राटदाराचं बंधन असतं; रेल्वेची पश्चिम मालवाहतूक मार्गिका त्यातली. कुसा नो ने मध्ये तसं बंधन नाही. अटीत बसणारं सगळ्यात कमी कोटेशन कोणत्याही देशाचं चालतं.
आणि स्वस्त कर्जाचं म्हणाल तर व्याज ०.१ टक्का असलं तरी फेड येनमध्ये. १९९५ साली डॉलर ८० येनच्याही खाली गेला होता, तेव्हा येन कर्जदार देशांना मुद्दलच जड झालं.

कट्टा_दादर
बुलेट ट्रेनचं तसंच होणार.

संपादक_हंगामी
बुलेट ट्रेनचा वेगळा धागा आहे. इथे गाडी म्हणजे ताईंची गाडी.

नर्मदातीर
पोखरणनंतर १९९८ मध्ये जपानने नवी कर्जं आणि अनुदानं थांबवली, ती २००१ पर्यंत. त्या काळातही आपत्कालीन मदत आणि ही तळागाळाची योजना वगळलेली होती. इतकी ती राजकारणाच्या बाहेर. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

चष्मेबहाद्दर
उपकरणांवर कोणीच बोलत नाहीये. ताई, यादीत फेको मशीन (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणारं) नाही हे बघून बरं वाटलं. ते टाकायचा मोह होतो, पण त्याच्या टिप, स्लीव्ह, कॅसेट-नळ्या हा कायमचा खर्च आणि उपभोग्य वस्तू अनुदानात बसत नाहीत. छोट्या छेदाची हाताने करायची शस्त्रक्रिया चांगल्या मायक्रोस्कोपवर होते.
मायक्रोस्कोपला समाक्ष प्रकाश (नजरेच्या रेषेतूनच पडणारा) आणि पायाने चालणारं फोकस-झूम हवंच. चाकांवरचा स्टँड घेत असाल तर आधी ऑपरेशन थिएटरची फरशी सपाट आहे का ते बघा, नाहीतर दर वेळी मायक्रोस्कोपचा दांडा सरकतो. ए-स्कॅनबरोबर केरॅटोमीटर (बुबुळाचा गोलावा मोजणारा) लागतो. ऑटोरिफ्रॅक्टोमीटर घेताना ऑटो-केरॅटोमीटर असलेलाच घ्या, म्हणजे डोळ्यात बसवायच्या भिंगाची पॉवर काढायला वेगळं यंत्र नको. ए-स्कॅन, डोळ्यावरच्या पाण्याच्या कपात प्रोब बुडवून मोजण्याच्या पद्धतीने शिकवून घ्या; प्रोब बुबुळावर दाबला गेला तर लांबी कमी येते आणि भिंग चुकतं.
ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) यूपीएसवर लावू नका, त्याला स्वतंत्र लाइन. मायक्रोस्कोपला ऑनलाइन यूपीएस आणि आधी सर्वो स्टॅबिलायझर. हे दोन्ही उपकरणाच्या कोटेशनमध्येच ओळीने मागा, नंतर मागितलेत तर ‘बदल’ ठरतो.
गाडीत टेबलावरचा स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) अजिबात नको. घाटाच्या हादऱ्यांनी त्याची जुळणी जाते. हातात धरायचा स्लिट लॅम्प, रेटिनोस्कोप (नंबर काढायचा हातातला दिवा), ट्रायल सेट (चाचणीच्या भिंगांची पेटी). तेवढ्यात तपासणी होते.

सौ_निरगाठ
वाचनखूण साठवली. माझ्या मते गाडी मागूच नये. गाडीला डिझेल, चालक, विमा, दुरुस्ती लागते आणि यातलं काहीही कुसा नो ने देत नाही. पगार नाही, इंधन नाही, प्रवासभत्ता नाही. दूतावासाचा माणूस प्रत्यक्ष जागेवर येतो, तो हेच विचारतो : पुढची वर्षं हे कोण चालवणार? उपकरण टेबलावर बसून राहतं, गाडी दर महिन्याला पैसे मागते.

कट्टा_दादर
त्यापेक्षा जपानमधली जुनी ॲम्ब्युलन्स आणा. ते इतर देशांना देतात, अग्निशमनाच्या गाड्यासुद्धा. नव्यासारख्या असतात.

एक_फाईल_एक_चहा
देतात, बरोबर, काही देशांत वापरलेल्या गाड्यांचा वाहतूकखर्च याच योजनेतून जातो. पण भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही, आणि जपानमधून निघणारी ॲम्ब्युलन्स त्याहून कितीतरी जुनी असते. सोडा.

हिशेबनीस
कोटेशनवर सांगतो, कारण अर्ज तिथेच पडतात. प्रत्येक वस्तूला तीन कोटेशन, तिन्हींचं स्पेसिफिकेशन शब्दशः एक. एकात वॉरंटी एक वर्ष आणि दुसऱ्यात तीन, असं असेल तर तुलना होत नाही. लेटरहेड, जीएसटी क्रमांक, तारीख, शिक्का. तिन्ही विक्रेते एकमेकांचे भाऊबंद नकोत. डीलरला सांगितलं की तोच ‘तीन आणून देतो’ म्हणतो. मग तिन्हींत एकच फाँट, एकच समास, आणि ‘मायक्रोस्कोप’चं स्पेलिंग तिन्हींत एकाच जागी चुकलेलं. हे तपासणाऱ्याला पहिल्या मिनिटात दिसतं.
कर वेगळ्या ओळीत दाखवा. तो अनुदानात धरतात की न्यासाने भरायचा, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या. तुमचे ३ लाख तिथे उपयोगी पडतील.
कोटेशनची मुदत शक्य तितकी लांब मागा. अर्ज, निवड, जागेची पाहणी, मग टोकियोची मंजुरी. जपानचं आर्थिक वर्षही एप्रिल ते मार्च. अर्जापासून करारापर्यंत वर्ष सहज जातं. तोवर दर वाढला तर फरक न्यासाचा.
सगळ्यात महत्त्वाचं : करारावर सही होईपर्यंत काही विकत घेऊ नका, आगाऊ रक्कमही देऊ नका. आधीच्या खर्चाची भरपाई मिळत नाही. सही झाल्यावर काम एका वर्षात संपवायचं. मॉडेल बदलायचं असेल तर आधी लेखी परवानगी. पाच हजार उरले तरी स्वतःच्या मनाने खुर्च्या घ्यायच्या नाहीत.

नर्मदातीर
+१. करारापूर्वी खरेदी नको. तीन कोटेशन हवीतच.

कोकणी_काटा
जायकाचीही ‘तळागाळातलं तंत्रसहकार्य’ अशी योजना आहे. ती का नाही?

पाटबंधारे_निवृत्त
नाव सारखं, काम वेगळं. २००२ पासूनची ती योजना जपानी संस्था, विद्यापीठं आणि तिथल्या स्थानिक सरकारांसाठी. अर्ज जपानी संस्थेने करायचा, आपण भागीदार. त्यात माणसं आणि कौशल्य येतं : तंत्रज्ञ इकडे, आपली परिचारिका तिकडे प्रशिक्षणाला. गाडी विकत घ्यायला ती नाही. कोणा जपानी नेत्ररुग्णालयाशी जुनी ओळख असेल तरच बघा.

सातपुडा_पायथा
सगळ्यांचे आभार. विश्वस्तांशी बोलून ठरलं ते असं. एफसी-३ए भरतो, सीएने शीर्षकं तपासली, तंत्रज्ञाचा पगार खरंच आस्थापनेत होता. अर्ज मुंबईच्या महावाणिज्य दूतावासाकडे.
पण मागणी फक्त गाडीची, उपकरणांची नाही. मायक्रोस्कोप द्यायला कंपन्यांचे सीएसआरवाले (सामाजिक जबाबदारीचा निधी देणारे) तयार होतात, फोटो चांगला येतो. मोलगीहून म्हातारी माणसं खाली आणणाऱ्या गाडीला आजवर कोणी हो म्हटलं नाही. डिझेल आणि चालकाचा खर्च सध्याच्या भाड्याच्या जीपवर होतो त्यातूनच निघेल. दोन वर्षांच्या जीपभाड्याच्या पावत्या जोडतोय.

सौ_निरगाठ
मग विचारलंत कशाला?

हिशेबनीस
पावत्या जोडताय हे उत्तम, ‘कोण चालवणार’ला याहून चांगलं उत्तर नाही. आता गाडीचं : साधी गाडी घेऊन गॅरेजमध्ये आत बाक-कपाटं ठोकू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीतल्या फेरबदलांचं) अडकाल. कारखान्यातूनच ॲम्ब्युलन्स म्हणून मान्यता घेतलेलं मॉडेल घ्या, एआयएस-१२५ या ॲम्ब्युलन्सच्या मानकाप्रमाणे. आरसी न्यासाच्या नावावर, विश्वस्ताच्या नाही. दारावर जपानचं मदतचिन्ह लावावं लागेल, त्याची जागा ‘नेत्रतपासणी’ लिहिण्याआधी सोडा. आणि कोटेशन एक्स-शोरूम नको. ऑन-रोड मागा, रस्ता कर आणि विमा वेगळ्या ओळीत.