मिस्टरांना मायलोमा निघाल्यावर

ताई, मिस्टरांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर, निघाला आणि तेव्हापासून रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसता, असं लिहिलंत. आमच्या घरीही हाच आजार आहे, आम्हीही नाशिकचेच, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी एक महत्त्वाचं. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून देऊ नका. मायलोमात किडनीवर आधीच ताण असतो, या गोळ्यांनी तो वाढतो. दुखणं डॉक्टरांना सांगा, ते चालणारी गोळी देतात. केमो सुरू झाल्यावर ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं.

दुसरं मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणार असाल तर बोन मॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) तपासणीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे जपून ठेवलेले नमुने, इथल्या लॅबमधून मागून घ्या, तिथे पुन्हा तपासतात. पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलं की परळ जवळच. मुक्काम पडणार असेल तर रुग्णांची राहायची सोय करणाऱ्या नाना पालकर स्मृती समितीत आधी चौकशी करून ठेवा.

मिस्टर बोलत नाहीत म्हणालात. आमचे हेही अगदी गप्प झाले होते. येणारा-जाणारा ‘काळजी करू नका’ म्हणायचा, त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा. मग द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीची वही मी त्यांच्यापुढे ठेवली, हिशोब तुम्हीच बघा म्हटलं. चष्मा लावून बसले, माझी बेरीज तपासली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, “पुढचं इंजेक्शन कधी आहे?” त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका, ताई. आणि दुपारी तासभर तरी झोपा.