व्हॅम्पायरला मराठीत काय म्हणावं? 'वेताळ' चालेल का?

तुरीची_शेंग
मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमचा आठ जणींचा ग्रुप आहे, सगळ्या 'द व्हॅम्पायर डायरीज'च्या नादी लागलेल्या. मालिका जुनी आहे, २००९ ते २०१७, आठ सीझन, १७१ भाग. एलेना नावाची मुलगी आणि तिच्यावर जीव लावणारे स्टेफन आणि डेमन सॅल्व्हटोर हे दोन भाऊ, दोघेही व्हॅम्पायर, म्हणजे माणसाचं रक्त पिऊन जगणारे. सगळ्यांना इंग्रजी झेपत नाही आणि महिनाअखेरीला कोणाचा नेटपॅकही उरत नाही, म्हणून मी एकेका भागाची गोष्ट मराठीत लिहून ग्रुपवर टाकते. चाळीस भाग झाले.

पहिल्यापासून मी 'वेताळ' लिहीत आले. परवा एकीच्या मावसभावाने ते वाचलं आणि म्हणाला, "चूक आहे. वेताळ रक्त पितो हे कुठं वाचलं?" मी बाणेदारपणे सांगितलं की रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाला नावच 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' दिलं. साहेबाला चालतं तर मला का नाही? पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. 'पिशाच' लिहून पाहिलं, तर "एलेनाचा त्या पिशाचावर जीव जडला" हे वाचून दोघी हसून लोळल्या. 'रक्तपिपासू' म्हणावं तर आमच्याकडे तो शब्द सावकारासाठी राखीव. काय लिहू?

वेतोबाचा_पाहुणा
मावसभाऊ बरोबर आहे. कृपया वेताळ लिहू नका. आमच्याकडे वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. केळी खाणाऱ्याला तुम्ही मुलींच्या मानेला दात लावायला सांगताय.

तुरीची_शेंग
अरे देवा. माफ करा दादा. आमच्या गावात मारुती, मरीमाय आणि मुंजा एवढेच. वेताळ मला फक्त गोष्टीतला माहीत.

जुनी_कॉमिक्स
वेताळ म्हटलं की माझ्यासमोर कवटीच्या गुहेत बसलेला, बोटात कवटीची अंगठी घातलेला माणूस येतो. इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम आपल्याकडे 'वेताळ' म्हणूनच आला. ज्याला ठोसा मारला त्याच्या हनुवटीवर कवटीचा ठसा. यवतमाळच्या बसस्टँडवर घेतलेला एक अंक अजून आहे माझ्याकडे, मुखपृष्ठ नाही. तेव्हा ताई, वेताळाची जागा आधीच दोनदा भरली आहे.

शुद्धमती
बर्टन हा दाखला होऊच शकत नाही. पंचवीस कथांपैकी त्याने अकराच घेतल्या, त्याही आपल्या मनाने फुलवून. मूळ कथेतला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. त्याला भूक असेलच तर उत्तरांची. योग्य शब्द 'रक्तपिशाच्च', जोड 'च्च' सह. आपल्याकडे शब्द असताना 'व्हॅम्पायर' लिहिणे म्हणजे आळस.

कपाशीचं_बोंड
आमच्या बुढीले मी मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून दहा मिनिटं पायलं तिनं. मंग म्हने, "हा त गोचीड हाये वं. गोरा गोचीड." तवापासून आमच्या घरी डेमनचं नावच गोचीड. ढोरं बांधून झाले का बुढी रोज इचारते, "गोचिडाचं काय झालं मंग?" घ्या, ताई, शब्द. फुकट.

शुद्धमती
चर्चा गंभीर आहे. गोचीड हा कीटक आहे, गुरांच्या अंगावरचा.

कपाशीचं_बोंड
कीटक नाई, आठ पायाचा हाये, मोजून पाहा. अन् रगत पेऊन कसा टरारून फुगते ते पायलं काय कधी? माह्या बैलाच्या कानामागून रोज उपटतो मी. तुमचं ते 'रक्तपिशाच्च' कोनं पायलं?

झाडीतला_रसिक
मी वडसा भागातला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला. आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, रात्री बसलं की पहाटेच उठायचं. रात्रभर जागणारा, सकाळी उन्हात डोळे चोळत पडणारा प्राणी कोणी असेल तर तो झाडीपट्टीचा प्रेक्षक. आमचाच शब्द घ्या.

निवृत्त_मास्तर
शेंगताई, 'पिशाच' टाकून देऊ नका. व्युत्पत्तीकार तो शब्द 'पिशित' म्हणजे मांस याच्याशी जोडतात. पिशाच मांस खातो. रक्त हा त्याचा मुख्य आहार नव्हे, तेव्हा शुद्धमतींना 'रक्त' मुद्दाम जोडावं लागलं, ते योग्यच.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुमचा वेताळ आणि तुमचा पिशाच एकाच घरचे. वेताळाच्या गोष्टी सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहेत. तो ग्रंथ सांगतो की या साऱ्याचं मूळ गुणाढ्याची बृहत्कथा. गुणाढ्य कुठला? प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला. भाषा कोणती? पैशाची, पिशाचांची. शाई नव्हती म्हणून त्याने सात लक्ष श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने नाक मुरडलं, तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्याने सहा लक्ष जाळले. उरला एक लक्ष. रक्त, पिशाच आणि वेताळ एकत्र येण्यासाठी मालिकेतल्या त्या व्हर्जिनियाच्या मिस्टिक फॉल्स गावाला जायची गरज नाही, पैठणला एसटी जाते.

तुरीची_शेंग
मास्तर! हे मी ग्रुपवर टाकलं. एकीने विचारलं, उरलेला एक लक्ष कुठल्या ॲपवर आहे.

निवृत्त_मास्तर
मूळ ग्रंथ हरवला, बाळ. उरली ती भाषांतरंच. आणखी एक. मराठीतलं 'पिसा' म्हणजे वेडा, 'पिसं लागणं' म्हणजे वेड लागणं. हे पिसं मला पिशाचातूनच आलेलं दिसतं. म्हणजे ते पिशाच आणि त्यांच्यामागे लागलेल्या तुम्ही पिशा. फॅनला मी आजपासून 'पिसा' म्हणणार.

शुद्धमती
'पिसा' हा शब्द कोंबडीच्या 'पिसां'शी गोंधळेल. 'चाहता' आहे की.

कपाशीचं_बोंड
चाहता सभ्य असते. रात्री दोन वाजता "डेमन मेला काय?" म्हनून मेसेज टाकते त्याले चाहता नाई म्हनत. ते पिसंच.

राळेगावचा
कोणीतरी 'नरभक्षक' सुचवण्याच्या आत लिहितो. नको. २०१८ साली आमच्याकडे अवनी वाघिणीच्या वेळी तो शब्द रोज पेपरात होता. दिवस मावळायच्या आत वावरातून परत यायचो, गुराख्यामागे काठीवाले दोघे. तो शब्द गमतीसाठी राहिला नाही आमच्याकडे.

वेतोबाचा_पाहुणा
मान्य. सोडून देऊ.

डेमनच्या_पार्टीची
मी त्याच ग्रुपमधली. शेंगे, तू व्हॅम्पायरवर अडकलीस, पण 'टीम डेमन'चं तू केलेलं मराठी सगळ्यांना सांग की!

तुरीची_शेंग
हो. इंग्रजीत चाहते स्टेफनचा संघ आणि डेमनचा संघ करतात. 'संघ' लिहिलं असतं तर गावात भलताच अर्थ निघाला असता. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असते ती 'पार्टी'. म्हणून 'तू कोणाच्या पार्टीची?' लगेच बसलं. सहा जणी डेमनच्या, एक स्टेफनची, आणि एक अशी की जी दोन्हीकडचं मटण खाते.

आणि शिपिंग, म्हणजे अमक्याचं तमकीशीच जमावं म्हणून चाहत्यांनी भांडायचं, त्याला मी 'सोयरीक लावणे' लिहिते. 'रिलेशनशिप'चं शेपूट तोडून 'शिप' केलं म्हणे, एक्स फाइल्स मालिकेच्या चाहत्यांनी, नव्वदच्या दशकात. आपल्याला तोडायची गरजच नाही पडली.

शुद्धमती
'सोयरीक' उत्तम आहे. हे मी मनापासून म्हणते.

कपाशीचं_बोंड
आज पाऊस येते.

शुद्धमती
तूर वाळत घातली असेल तर झाका. पण मूळ मुद्दा सोडू नका. इंग्रजांचा तरी 'व्हॅम्पायर' स्वतःचा कुठे आहे? स्लाव्ह भाषांतला शब्द, अठराव्या शतकात जर्मन आणि फ्रेंचमधून फिरत त्यांच्याकडे पोचला.

कपाशीचं_बोंड
मंग त्यायनं उसनवार घेतला त चालते, अन् आपुन घेतला त बाटलो काय? 'टेबल' परत करून येता काय तुमी?

निवृत्त_मास्तर
बोंडभाऊंचा मुद्दा तर्काला धरून आहे. आणि शुद्धमती, बोलीला हसू नका. म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. तेव्हा प्रमाण मराठी कुठली हे विचारायला पुणं अजून उठलं नव्हतं.

शुद्धमती
मी हसले नाही. मी अमरावतीचीच आहे, गुरुजी. पुण्याची नव्हे.

निवृत्त_मास्तर
अरेच्चा. कॅम्प की राजापेठ?

तुरीची_शेंग
ऐका ना, आता खरी पंचाईत सांगते. व्हॅम्पायरला कोणाच्या घरात शिरायचं तर आतल्याने बोलवावं लागतं. तोपर्यंत तो उंबऱ्याबाहेर उभा. एकदा बोलावलं की शब्द मागे घेता येत नाही. इंग्रजीत तिथे 'इनव्हाइट' आहे. मी 'आमंत्रण' लिहिलं तर पत्रिका छापल्यासारखं वाटतं. 'निमंत्रण' त्याहून जड. नुसतं 'बोलावलं' म्हटलं तर त्यातली भीती जाते. आमच्या घरी दार दिवसभर उघडं, चाहूल लागली की आजी न बघताच आतून म्हणते, "ये बाबा, बस." तिच्या हिशेबाने पंचक्रोशीतले सगळे व्हॅम्पायर एव्हाना आत येऊन चहा पिऊन गेले असतील.

झाडीतला_रसिक
आमच्याकडे उलटं. रात्री बाहेरून कोणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तीन हाका आल्या तर माणूस. म्हणजे तुमचा व्हॅम्पायर आत बोलवा म्हणतो आणि आमचं ते तुम्हालाच बाहेर बोलावतं.

वेतोबाचा_पाहुणा
कोकणातही हेच, तीन हाका.

निवृत्त_मास्तर
'आवतन'! अहो, शब्द दारात उभा आहे आणि तुम्ही 'आमंत्रण' शोधताय. आपल्याकडे पंगतीला बोलवायला घरोघर जाऊन देतात ते आवतन. तोच 'आमंत्रण' शब्द आहे, झिजून गुळगुळीत झालेला. ग्रामाचं गाव, नामाचं नाव, तसं 'आमं'चं 'आवं'. आणि आवतनाला जेवणाचा वास आहे. व्हॅम्पायरला आवतन दिलं म्हणजे जेवायलाच बोलावलं. पानात काय वाढलंय ते यजमानाला नंतर कळतं.

तुरीची_शेंग
मास्तर, पाया पडते. "एलेनाने त्याला आवतन दिलं." अंगावर काटा आला.

शुद्धमती
'आवतण' लिहा, ण बाणाचा.

कपाशीचं_बोंड
आमच्याकडं बान नाई, नळाचाच न हाये.

तुरीची_शेंग
चाळिसाव्या भागात आणखी एक गुंता आहे. सॅल्व्हटोर भावांचा वाडा. तिथला जिवंत माणूस झॅक मेल्यापासून तिथे कोणीही घुसायचं, कारण बोलावणारा जिवंत मालकच नाही. म्हणून ते घर कागदोपत्री एलेनाच्या नावावर करतात. सही होताच दोघे भाऊ स्वतःच्याच घराच्या बाहेर! मग ती त्यांना आत घेते. मी लिहिलं, "त्यांनी वाड्याचा सातबारा एलेनाच्या नावावर केला."

राळेगावचा
चूक. सातबारा शेतीचा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो.

जुनी_कॉमिक्स
वाडा गावठाणाबाहेर असेल तर? चांगला जंगलाला लागून दिसतो.

राळेगावचा
मग अकृषक केली का ते बघावं लागेल. केली नसेल तर बांधकामच बेकायदा ठरू शकतं.

डेमनच्या_पार्टीची
पण नियम मालकीचा की राहण्याचा? झॅकचा वाडा तो राहत होता म्हणून सुरक्षित होता की त्याच्या नावावर होता म्हणून? यावर आमच्या ग्रुपात तीन दिवस बोलणं बंद होतं.

राळेगावचा
नमुना आठ म्हणजेही मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तो कर आकारणीचा कागद. आणि मालक मेल्यावर वारसांची नोंद झाली पाहिजे. नाहीतर आवतन द्यायचा अधिकार नेमका कोणाचा, यावर भाऊबंदकी होईल.

कपाशीचं_बोंड
आमचं घर अजून आज्याच्या नावावर हाये. आजा जाऊन एकोनीस वर्स झाले.

तुरीची_शेंग
दादा, म्हणजे मालकीचा नियम धरला तर तुमच्याकडे कोणीही घुसू शकतं.

कपाशीचं_बोंड
आमच्या अख्ख्या गल्लीत घुसू शकते. एकाचीबी नोंद नाई.

निवृत्त_मास्तर
माझीही नाही. वडिलांच्याच नावावर आहे. कधी सुचलंच नाही.

तुरीची_शेंग
मी आत्ता आबांना विचारलं. आमचं पणजोबांच्या नावावर आहे. आबा म्हणाले, कायले पाह्यजे तुले? मी गोचिडाचा नियम सांगितला. ते उठून गेले, दाराची कडी लावून आले आणि आजीला म्हणाले, "आजपासून कोनाले 'ये बाबा' म्हनू नको वं. आधी नाव इचार."